गिरमिटियांच्या पगारातील दुहेरी कपात

संपादक महोदय,

‘मॉरिशसला गेलेले मजूर करार करून गेले, मग त्यांना गुलामगिरीशी कशाला जोडायचे?’ हा प्रश्न गिरमिटियांवर, म्हणजे करारावर (‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’) परदेशी ऊसमळ्यांत कामाला गेलेल्या भारतीय मजुरांवर, लिहिताना हमखास विचारला जातो. त्यात तथ्य आहेच. मजुराची खरेदी-विक्री होत नव्हती, मुदत ठरलेली असे, त्याची मुले मळेवाल्याची मालमत्ता नव्हती. पण तो करार चालत कसा असे, हे कुणी सांगत नाही.

आधी तारखा पाहा. कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजाने निघालेले 36 मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात 2 नोव्हेंबर 1834 रोजी उतरले. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली 1 फेब्रुवारी 1835 ला. गुलाम सुटण्याआधीच त्यांच्या जागी माणसे आणून ठेवली होती! ब्रिटिश सरकारने साम्राज्यभर 2 कोटी पौंड भरपाई वाटली, तीही मालकांना. गुलामांना दमडी नाही.

मजुराचा पगार साधारण महिना 5 रुपये. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापत. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज सुमारे तीन आणे पडतात (रुपयाचे सोळा आणे). पाच खाडे म्हणजे दहा दिवसांचे तीस आणे गेले, हाती उरले जेमतेम तीन रुपये. हजेरी मांडणारे मळेवाल्याचेच लोक. वर पगार महिनोन्महिने थकलेला. तक्रारीला मॅजिस्ट्रेटकडे जावे, तर परवानगीवाचून मळा सोडल्याचा गुन्हा लागे. मजूर कामावरून पळाला तर तुरुंग. मळेवाल्याने पगार बुडवला तर मात्र नुसती वसुली, तीही झाली तर. सारी मेख इथे आहे.

मुदत संपल्यावरही सुटका नव्हती. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसला की भटक्या म्हणून अटक. या जाचाविरुद्ध 1871 मध्ये नऊ हजारांवर मजुरांनी अर्ज केला. तो अडॉल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने तयार केला होता, हे विशेष. पुढच्याच वर्षी चौकशीसाठी शाही आयोग आला.

मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसेही या बेटावर गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च 1912 मध्ये ही पद्धतच बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला, तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. या विषयावर पुढे लेख छापाल तेव्हा लेखकाकडून निदान पगाराचा हिशेब आणि 1867 चा कायदा तरी मागून घ्या.

— एक वाचक