तुझा ४५ चा रिपोर्ट

चि. मनू,

तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. ‘आपल्या घरात असलं कुणाला नाही’ हे मी बोलायलाच नको होतं. दुसऱ्यांदा पोटातलं गेलं, दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतलीस आणि आईकडून ऐकायला काय मिळालं, तर हे.

तू पाठवलेला कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रं जोडीजोडीने मांडलेला फोटो रात्री कितीदा तरी मोठा करून पाहिला. तेरावं सुटं एकच, चौदावंही सुटं एकच, आणि त्या दोघांचे जोडीदार एकमेकांना चिकटून झालेलं ते लांब गुणसूत्र. एकतीस वर्षं मी फळ्यावर ‘मानवात ४६ गुणसूत्रं’ लिहिलं. पेपरात कुणी ४५ लिहिलं की लाल पेनाने काट मारली. आता तुझ्या नावापुढे तोच आकडा आहे.

तुझं काही हरवलेलं नाही, हे आधी ऐक. १३, १४, १५, २१, २२ ही अग्रकेंद्री गुणसूत्रं, एका बाजूची भुजा अगदी इवलीशी. तुझ्यात तेरा आणि चौदाच्या लांब भुजा जुळल्या आणि इवल्या गळून गेल्या. त्यांच्यावरची कामाची जनुकं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची, बाकीच्या अग्रकेंद्रींवरही आहेत, भरपूर. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही. हजारात साधारण एकाला अशी जोडणी असते. रॉबर्टसन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये ती नाकतोड्यांत पाहिली, म्हणून रिपोर्टवर त्याचं नाव.

अडचण येते ती अंडपेशी बनताना. एरवी दोघं-दोघं समोरासमोर लागतात, इथे तिघांना एकत्र यावं लागतं. वाटणी कधी नीट होते, कधी एखादं जास्त जातं, नाहीतर कमी. तसा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. तू जिने चढलीस, प्रवास केलास, रात्री जागलीस, त्यातल्या कशानेही हे झालेलं नाही. आणि नीट वाटणी झालेल्या अंडपेशीही बनतातच. त्यातून धडधाकट मुलं होतात, कुणी ४६ ची, कुणी तुझ्यासारखी ४५ ची.

पण हे तुला आलं कुठून? माझ्याकडूनच ना? पुष्कळदा आई नाहीतर वडिलांकडून येतं, क्वचित नव्यानेही घडतं. आजीची माझ्याआधी तीन गेली. घरात सगळे म्हणायचे, अशक्त होती. तिच्या ट्रंकेतलं पिवळं टोपडं तू बाहुलीला घालायचीस, आठवतं? ते कुणासाठी विणलं होतं, मी तिला कधी विचारलं नाही. आणि मनू, तुझ्याआधी माझंही एक गेलं. तुला सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी फोनवर मी ते वाक्य बोलले.

आता नीट ऐक. जनुकीय समुपदेशकाकडे दोघं मिळून जा, सुजयला एकट्याला पाठवू नकोस. प्रश्न कागदावर लिहून ने. आयव्हीएफ करून भ्रूण आधी तपासायचा, की पुन्हा वाट पाहायची आणि दिवस राहिल्यावर गर्भजल तपासायचं, दोन्हींतलं नीट समजून घे. मोबाईलवर मध्यरात्रीपर्यंत वाचत बसू नकोस. जेवण चुकवू नकोस. कुणी काही विचारलं तर... बघ, पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. ठरवायचं तुम्ही दोघांनी.

पुस्तकंही चुकतात गं. तीस-एक वर्षं सगळीकडे माणसाची गुणसूत्रं ४८ छापली जात होती. १९५६ मध्ये तिओ आणि लेव्हान या दोघांनी स्वीडनमध्ये नीट मोजून ४६ सांगितली. ४८ खरी आहेत ती चिंपांझीची. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे पूर्वजांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं. १९९१ मध्ये त्याच्या आतल्या भागात टेलोमिअरचे अवशेष सापडले, जे एरवी शेवटाला असतात. हा धडा मी किती उत्साहाने शिकवायचे! पण ती जोडणीही कधीतरी एकातच पहिल्यांदा झाली असेल. तिचीही काही पोरं गेली असतील. हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं, परवापर्यंत. बघ, आपोआप ‘तिची’ लिहिलं. फिरून फिरून मी आईवरच येते.

मंगळवारी मी रक्त देऊन आले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पेशी दोन-तीन दिवस वाढवतात, विभाजन मध्येच थांबवतात, मग रंगवून मोजतात. रिपोर्ट यायला वेळ आहे. माझ्यात निघावं असं वाटतं, म्हणजे निदान कुठून आलं ते कळेल. आणि निघू नये असंही वाटतं.

तुझ्या पहिल्या मायक्रोस्कोपखाली कांद्याची साल ठेवून ‘आई, हलतंय!’ ओरडली होतीस. हलत होता तुझाच हात. तो धीटपणा माझा नाही, तुझा तुझाच आहे.

माझ्यात निघालं तर अप्पूलाही तपासून घ्यावं लागेल, आणि त्याचं लग्न ठरतंय. त्याला तू सांगशील की मी, ते आपण बोलू. बोलायला नको वाटलं तर नुसता मेसेज टाक.

तुझी,
आई