बाई, दोरी धरायला दिलीत त्याबद्दल

सप्रेम नमस्कार बाई,

हे पत्र तुमच्या हातात न देता असं चारचौघांत लिहितेय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही खिडकीबाहेर बघता आणि वारा कुठून आहे ते सांगायला लागता. इथे तुम्हाला तसं करता येणार नाही.

या तळ्याकाठच्या गावात येऊन मला दोन वर्षं झाली. घर मी व्हरांड्यातून दिसणारं पाणी बघून घेतलं. भिंती बघितल्याच नाहीत. थोड्याच दिवसांत चामड्याच्या चपलांवर हिरवट लव चढली, कपाट उघडलं की कुबट वास यायचा, आणि एका संध्याकाळी धुरासारखा चिलटांचा लोट व्हरांड्यात शिरला. डासच ते, असं समजून मी दारंखिडक्या गच्च लावून घेतल्या आणि आतल्या आत उकडत बसले. शहरातलं घर सोडल्याचा तो पहिला पश्चात्ताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फाटकाशी उभ्या होतात. नवीन शेजारीण आली म्हणून कुणीतरी विचारपूस करायला येतंय याचा मला केवढा आनंद झाला! तुमचा पहिला प्रश्न होता, "तुमचा शोषखड्डा कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याच परसात मला फिरवून तो दाखवलात, पाण्यापासून पावलं मोजलीत, आणि मग कुठे आत आलात. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावलीत, मागून हवा खेळायला हवी म्हणून. चिलटांचं ऐकून हसलात. ती चावत नाहीत म्हणालात. त्यांच्या अळ्या तळ्याच्या गाळात राहतात, रक्तासारख्या लाल असतात, आणि मोठी झालेली चिलटं एकदम थव्याने वर येतात, ती दिव्याकडे. व्हरांड्यातला दिवा बंद ठेवा, एवढाच उपाय. वाऱ्याचंही सांगितलंत: दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून तळ्यावरून गार वारा घराकडे येतो, रात्री तोच उलटा, जमिनीकडून पाण्याकडे. कुठली खिडकी कधी उघडायची ते त्या दिवशी समजलं आणि पंख्याशिवाय झोप लागली.

हे सगळं मला कुठूनही शिकता आलं असतं, हे खरं. कपाट पुढे ओढ म्हणून सांगणारं कुणीतरी भेटलंच असतं. पुढचं मात्र तुमच्याशिवाय कुणी केलं नसतं.

जाताना तुम्ही म्हणालात, "रविवारी दहाला धक्क्यावर या. दोरी धरायला माणूस लागतो."

मला वाटलं होड्या बांधायच्या असतील. तर तुमच्याकडे एक पांढरी-काळी तबकडी होती, वीतभर रुंद, खाली वजन बांधलेली. १८६५ साली आंजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने असल्या पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून पाण्याचा नितळपणा मोजला, आणि अजूनही जगभरच्या तळ्यांवर तेच करतात, हे तुम्ही होडीत बसता बसता सांगितलंत. मग माझं काम. होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी हळूहळू सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, परत वर ओढायची, दिसू लागली की पुन्हा खूण, आणि दोन्हींची सरासरी वहीत. माझा पहिला आकडा २ मीटर १० सेंटीमीटर. तुम्ही तो दोनदा तपासलात. मला अपमान वाटला होता, तो आता वाटत नाही.

नवीन गावात आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय छळतं, तर बाहेर पडायला निमित्त नसणं. फिरायला जावं तर लोक बघतात, बसावं तर जास्तच बघतात. हातात दोरी आल्यावर ते थांबलं. "आज किती?" असं धक्क्यावरचे कोळी विचारायला लागले. पोरं आकड्यावर पैजा लावायला लागली. मी कुठली, एकटीच का राहते, हे प्रश्न कुणी सोडून दिले असं नाही. ते आकड्याच्या मागून आले, आणि तोवर उत्तर देणं जड जात नव्हतं.

तुमच्या टेबलाच्या वर चिकटवलेल्या त्या फोटोबद्दल मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही तासभर बोललात. कॅनडातलं एक तळं, त्याला नावही नाही, नुसता क्रमांक २२६. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एकातच फॉस्फरस. विमानातून काढलेल्या फोटोत फॉस्फरसचा भाग शेवाळाने गढूळ हिरवा आणि शेजारचा काळाभोर दिसतो. पुढचे कित्येक शनिवार तो फोटो घेऊन आपण काठावरच्या घरांत गेलो. धुण्याच्या पाण्यातून आणि शोषखड्ड्यांतून तोच फॉस्फरस आपल्या तळ्यात कसा उतरतो ते तुम्ही सांगायचात, मी फोटो धरायचे. काही घरांत दार अर्धवटच उघडलं, एका ठिकाणी कुत्रं सोडलं. पण वर्षभराने माझ्या ध्यानात आलं, गावातली निम्मी माणसं मला त्या फोटोमुळे ओळखतात. तुम्ही हे ठरवून केलंत का, हे तुम्ही कधीच कबूल करणार नाही.

आता त्या पहाटेचं सांगते, कारण हे पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे.

पहिल्या वर्षी, उकाडा संपता संपता, दोन दिवस सपाटून गार वारा सुटला. तिसऱ्या दिवशी उजाडताना मी व्हरांड्यात आले तर काठाला पांढरी किनार. मेलेले मासे. हवेत सडक्या अंड्यांचा वास. मी तशीच आत गेले आणि वरच्या अंगाच्या कारखान्याचं नाव घालून, त्यांनी पाण्यात विष सोडलं असा भला मोठा संदेश लिहून काढला, गावातल्या सगळ्यांना पाठवायला. त्याच्या खाली घरमालकांना दुसरा: महिनाअखेर घर सोडते. दोन्ही पाठवायचे बाकी होते, तेवढ्यात तुम्ही आलात. मी फोन तुमच्यापुढे धरला. तुम्ही वाचलंत, फोन पालथा ठेवलात आणि मला काठावर घेऊन गेलात.

"खाली बघ," तुम्ही म्हणालात. "मेलेत ते कसे आहेत?"

मोठे होते. सगळे मोठेच. बोटाएवढे मासे उथळ पाण्यात तोंड वर काढून का होईना, जिवंत होते. विष असतं तर बहुधा बारके आधी गेले असते, असं तुम्ही सांगितलंत. हवा कमी पडली की मोठे आधी गुदमरतात, आणि तेही पहाटे, कारण रात्रभर पाणवनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. मग काठावरच उकिडव्या बसून काडीने मातीत तळं काढलंत. उकाड्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि गार, जड पाण्यावर झाकणासारखं बसून राहतं. खाली पालापाचोळा कुजत राहतो, तिथला प्राणवायू संपतो, तो वासाचा वायू साठतो. गार वारा सुटला की झाकण मोडतं, वरचं खाली आणि खालचं वर. "तळ्याने कूस बदलली," एवढं म्हणून तुम्ही हात झटकलेत. पाण्याचा नमुना तरीही बाटलीत भरून तपासायला पाठवलात, कारण अंदाज तो अंदाज. त्यात विष निघालं नाही.

दोन्ही संदेश मी पुसून टाकले. तो पहिला गेला असता तर या गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि दुसरा पाठवायची गरजच पडली नसती.

बाई, तुमच्या लक्षात आलं होतं का ते माहीत नाही. त्या पहाटेपर्यंत तुम्ही मला अहो-जाहो करत होतात. "खाली बघ" हे तुमचं पहिलं एकेरी. माशांचं सगळं गणित नंतर समजलं. मी राहायचं ठरवलं ते त्या "बघ"वर.

तुमची एक गोष्ट मात्र मी अजून मानलेली नाही. खुर्ची तळ्याकडे तोंड करून ठेवू नकोस, कामं होत नाहीत, असं तुम्ही बजावलं होतं. ठेवली आहे. होत नाहीत. आणि हो, पाणी गार आणि वरची हवा उबदार असली की आवाज पाण्यावरून लांबवर जातो, हे तुम्ही मला जरा उशिरा सांगितलंत. पलीकडच्या काठाने माझं निम्मं फोनवरचं बोलणं तोवर ऐकून झालं होतं.

जुनी दोरी तिसऱ्या खुणेपाशी विरली आहे. नवीन आणलीये. कोरडी दोरी खोटं बोलते, ओली झाली की लांबी बदलते, म्हणून रात्रभर बादलीत भिजत घातलीये. खुणा उद्या ओलीवरच करीन, मग तुम्ही तपासा. दोनदा तपासा. रविवारी दहाला धक्क्यावर आहे.

तुमची,
दोरीवाली
(पोरांनी ठेवलेलं नाव आहे, माझं नाही. पण आता हाक मारली की मी वळते.)