क्राफ्ट बिअर म्हणजे नुसतं फॅड नाही

संपादक महोदय,

क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर चवीकडे लक्ष देऊन बनवलेल्या बिअरच्या, ब्रुअरीज (बिअरचे कारखाने) भराभर वाढतायत त्याला लोक फॅड म्हणून मोकळे होतात, मला तरी ते पटत नाही बुवा. अमेरिकेतली सिएरा नेवाडा ब्रुअरीच बघा ना, 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये डेअरीच्या जुन्या टाक्या जमवून सुरू केलेलं काम, आणि त्यांच्या पेल एलमध्ये (एल हा बिअरचा एक प्रकार) कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा नि वास देणारी फुलं, असे सढळ हाताने घातले की ग्लास नाकाजवळ नेला तरी ग्रेपफ्रूटसारखा वास येतो, तेव्हाच्या मोठ्या कंपन्यांच्या पाणचट लागर बिअरमध्ये असलं काही नव्हतंच! लोक वळणारच की.

शिवाय एल साधारण दोन-तीन आठवड्यांत तयार होते, लागर थंडीत मुरेपर्यंत टाकी कितीतरी जास्त दिवस अडकून पडते, त्यामुळे छोट्या ब्रुअरीला एलच परवडते, हे गणित बातम्यांमध्ये कुठे दिसत नाही.

आणि नाव झालं म्हणजे टिकलं असंही नाही हं, 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅगने बुडता बुडता वाचवलेली सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी 2017 मध्ये साप्पोरो या जपानी बिअर कंपनीकडे गेली नि 2023 मध्ये बंद पडली. तेव्हा वाढीचे आकडे छापताना ब्रुअरीचा मालक कोण तेही छापत जा.

– एक वाचक