भोपळ्याच्या लिलावाबद्दल, काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम जय ख्रिस्त.

तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "गप रे, पातेलं उचल" म्हणाला असता. म्हणून लिहितोय.

दादा गेले त्या वर्षी मी उपासनेला येणं बंद केलं होतं. आईला चर्चच्या कंपाउंडच्या दारात सोडायचं आणि बाहेर गाडीवर बसून राहायचं. आत पेटी सुरू झाली की मोबाइलमध्ये डोकं घालायचो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं दादांच्या टाळाशिवाय ऐकवत नव्हती. "ते आता स्वर्गात आहेत" असं जो तो सांगायचा. खरं सांगतो, राग यायचा. आपल्याकडे स्वर्गाची आठवण फक्त मातीलाच निघते.

तुम्ही असलं काही बोलला नाहीत. हंगामाच्या सणाला बाहेर आलात आणि म्हणालात, "गुळाचा रवा, ही एवढी ढेप, आत न्यायला माणूस नाही. चल." आत चांगली आठ-दहा माणसं मोकळी उभी होती, ते मी नंतर पाहिलं!

मग देवापुढे आणलेल्या जिनसांचा लिलाव झाला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. वेदीपुढे ऊस, केळीचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एका कोपऱ्यात आईने आणलेला भोपळा. वेल दादांनी लावलेला. तुम्ही पुकारा केलात, वीस रुपये. पन्नासला गेला. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, "पुन्हा बोला." मग शंभर. मग दीडशे. चार वेळा विकला गेला आणि कुणीच घरी नेईना. शेवटी तुम्ही घेतलात आणि गुपचूप आईच्या पिशवीत टाकलात. बाजार समितीत असा व्यवहार कुणी केला तर त्याला वेड्यात काढतील. मी मात्र खांबाआड उभा राहून रडलो.

मग प्रीतिभोजन. माझ्या डाव्या हाताला डॉक्टर, उजवीकडे महापालिकेत झाडूकाम करणारे मामा, आणि तांबडा रस्सा सगळ्यांच्या ताटातून सारखाच ओघळत होता. वाढता वाढता तुम्ही माझ्या ताटात मटणाची नळी टाकलीत आणि म्हणालात, "बायबलात यशया संदेष्ट्याचा पंचविसावा अध्याय वाच घरी जाऊन."

वाचला. परमेश्वर डोंगरावर सगळ्या राष्ट्रांना जेवू घालतो आणि त्या जेवणात मगजाने भरलेले पदार्थ आहेत. यशयाने कोल्हापूर पाहिलं नव्हतं, पण नळीची सोय त्याने करून ठेवलीय! दोनच ओव्या पुढे परमेश्वर मरण कायमचं गिळून टाकतो आणि सगळ्यांच्या तोंडावरचे अश्रू पुसतो. मातीच्या वेळी नुसते अश्रू वाचून दाखवतात, पंगत गाळतात. तुम्ही मला आधी पंगतीला बसवलंत.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला भाकरीचा तो एवढासा तुकडा हातात आला की दादांची जागा रिकामी वाटत नाही असं नाही. वाटतेच. पण पंगत लांबवर गेलेली असावी आणि पलीकडचं टोक आपल्याला दिसत नसावं, तसं काहीसं होतं. पाळकसाहेबांना हे नीट मांडता येईल, मला एवढंच जमतंय.

त्या भोपळ्याच्या बिया आईने राखेत घोळून ठेवल्या होत्या. वेल भिंतीवर चढलाय, तीन धरलेत. त्यातला मोठा सणाला आणतोय. आईचा निरोप आहे, या खेपेला तुम्ही बोली लावायची नाही.

तुमचा,
रवा उचलणारा