युरोप टूर कॅन्सल केलीये, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई लगेच "तुझं जेवण झालं का" विचारते, म्हणून लिहितेय. पॅरिस-स्वित्झर्लंडची टूर मी कॅन्सल केलीये. थोडे पैसे कापले गेले, बाकीचे परत आलेत, त्याची काळजी नको. आई, तू अख्ख्या सोसायटीत बर्फाचं सांगून ठेवलंयस हे माहितीये गं मला, म्हणूनच चार दिवस सांगायचा धीर होत नव्हता. पण पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस, दोन दिवसांत तीन हॉटेलं... महाबळेश्वरला काय झालं ते आपण बघितलंय ना. बाबा, तुमच्या गुडघ्यामुळे रद्द झाली असं मनात आणू नका, मलाच तुम्हाला पळवायचं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी मी नव्हते, ते अजून टोचतं. आता तीन आठवडे माझ्याजवळच, लंडनमध्येच रहा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई कसलीच नाही.

बाबा, लॉर्ड्सची टूर बुक केलीये. तिथे पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये शतक मारणाऱ्यांच्या नावांचा बोर्ड आहे आणि त्यावर वेंगसरकर तीनदा! १९७९, १९८२, १९८६. सचिन एकदाही नाही. ८६ ला तुम्ही गॅलरीत ट्रान्झिस्टर कानाला लावून बसला होतात आणि मी मांडीवर, मला हलू देत नव्हतात कारण मी हलले की विकेट पडते म्हणे, पायाला मुंग्या आल्या तरी मी गप्प बसले होते. तो बोर्ड मला तुमच्या शेजारी उभं राहून वाचायचाय, बस. मैदान एका बाजूला अडीच मीटर उतरतं, तेही बघू.

आई, रविवारी तुला कोलंबिया रोडला नेणार. छोटासा रस्ता, दोन्हीकडे नुसती फुलं आणि रोपं, विकणारे आपल्या मंडईसारखे ओरडत असतात आणि दुपारी उठायच्या वेळी भाव पाडतात. रोप बॅगेत घालून न्यायचा विचार मात्र आत्ताच सोड. साड्या बघायच्या तर वेम्बलीचा ईलिंग रोड आहे, मेथी, कढीपत्ता, ताजी भाजी सगळं तिथे मिळतं, त्यामुळे डबे भरभरून आणू नकोस, फक्त तुझं मेतकूट आण. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, म्हणजे तासाभरात दमलो तर घरी यायचं, उरलेलं परवा. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं मात्र पहिल्याच दिवशी. बसला रॅम्प असतो, जिन्यांची ट्यूब, म्हणजे इथली भुयारी मेट्रो, आपण टाळूच.

घरी बाथरूममध्ये बसायला स्टूल ठेवलंय, टॉयलेटला हँड शॉवर लावून घेतलाय, गरम पाण्याची पिशवी आणलीये, आल्याचा चहा तर मी करतेच.

आता ऐका. गोळ्या हँडबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चेक-इनमध्ये अजिबात नाही. एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगितलीये, बाबा, "मला काय झालंय" म्हणून परत पाठवायची नाही. विमानात दर तासाला उठून चालायचं. फिजिओचे व्यायाम रोज, मी व्हिडिओ कॉलवर बघणार आहे. आई, शूज आत्तापासून घालून सवय कर, चपलांवर येऊ नकोस.

बर्फ राहिलाय, माझ्या लक्षात आहे गं. गुडघा बरा झाला की आपण तिघंच जाऊ, टूरबिर नको.

तुमची,
मनू