उकळतं पाणी ओतू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, सिंक पुन्हा तुंबलं होतं आणि बाबांनी दोन पातेली उकळतं पाणी ओतून मोकळं केलं. बाबा, मोकळं नाही झालं, तूप नुसतं पुढे सरकलं. पाणी थोडं पुढे जाऊन निवलं की ते परत थिजतं, आणि तिथे आपला हात पोचत नाही. भांड्यांच्या साबणाने सुटलेलं तेलही पुढे जाऊन असंच चिकटतं. इथे नॉर्थ कॅरोलायनात मी दिवसभर हॉटेलवाल्यांच्या मागे लागून हेच सांगते, आणि माझ्याच घरी ही तऱ्हा!

बाबा लोकांना "मुलगी पर्यावरणात आहे" असं सांगतात, मला माहीत आहे. खुशाल सांगा. पण मी काय करते ते एकदा वाचा. हॉटेलच्या मागच्या दाराला जायचं. तिथे जमिनीत ग्रीस ट्रॅप असतो, म्हणजे टाकीच. भांडी धुतलेलं पाणी तिच्यात संथ होतं, चरबी वर तरंगते, खरकटं तळाला बसतं आणि मधलं पाणी गटारात जातं. झाकण उचललं की आचारी चार पावलं मागे सरकतो. मी एक पारदर्शक नळी तळापर्यंत उभी सोडते आणि खालचं तोंड मिटवून वर काढते. नळीत वर थिजलेल्या डालड्यासारखा थर, मध्ये गढूळ पाणी, खाली काळा गाळ. वरचा-खालचा थर मिळून टाकीतल्या पाण्याच्या खोलीच्या 25 टक्क्यांवर गेले की टाकी उपसायची, हा इथला सर्रास नियम. मालक टँकरवाल्याच्या पावत्या पुढे करतो. पावत्या नेहमी टापटीप असतात. मी नळीच बघते.

परवा एका हॉटेलच्या उतारावरच्या घरात मैला उलटा आला, थेट बाथटबमध्ये. घरात एकटी आजी. दारात गालिचा गुंडाळून ठेवलेला, आणि ती माझीच माफी मागत होती, घाण वास येतोय म्हणून. तिच्याकडे महिन्यातून एकदा तरी तळण होत असेल का? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2004 साली अंदाज दिला होता की देशात वर्षाला 23,000 ते 75,000 वेळा मैल्याची गटारं भरून बाहेर वाहतात. घरात उलटणारं पाणी त्यात धरलेलंच नाही. तुंबण्याचं सगळ्यात मोठं कारण चरबी.

आणि ती नुसती थिजत नाही. इथल्याच राले शहरातल्या विद्यापीठात जोएल ड्युकोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की चरबीतली आम्लं काँक्रीटमधून सुटणाऱ्या कॅल्शियमला धरतात आणि त्याचा साबण होतो. आपल्या विहिरीच्या जड पाण्यात साबण फेसाळायचा नाही, बादलीला पांढरा चिकट थर बसायचा, आठवतं? तोच प्रकार, फक्त दगडासारखा. बाबांनी पाठवलेला लंडनचा व्हिडिओही खरा आहे (एरवी तुमचे फॉरवर्ड मी उघडत नाही). 2017 साली व्हाइटचॅपलच्या गटारात 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा सापडला. त्याचा तुकडा पुढे म्युझियममध्ये ठेवला होता.

आई, आपल्या हॉटेलात तू कढई आधी राखेने, मग रद्दीच्या कागदाने पुसायचीस आणि नंतरच पाण्यात घालायचीस. पाणी वाचवायला करतेस असं मला वाटायचं. इथे मी आचाऱ्यांना तेच शिकवते आणि त्याचा पगार घेते. मग घरी सिंकमध्ये तूप कसं जातं? भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कागद काढून दे. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरा.

बाबा, पाणी ओतणं बंद. चेंबर उघडायला माणूस बोलवा आणि स्वतः शेजारी उभे राहा. तो बांबूने गोळा पुढच्या चेंबरमध्ये ढकलेल आणि "झालं साहेब" म्हणेल. पुढचा चेंबर कुलकर्णी काकूंच्या दारात आहे. गोळा बाहेर काढून बादलीत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमची,
सुमी