विकरे एकदाच वापरायची नसतात

महोदय,

विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिने) द्रावणात एकदा वापरली की वाया जातात, हे आपल्या लेखातील विधान अपुरे आहे. कोळशावर चिकटलेले इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे विघटन करत राहते, हे १९१६ मध्येच दिसले होते; १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता व सहकाऱ्यांनी घन आधारावर बसवलेल्या अमिनोअ‍ॅसायलेज या विकराच्या स्तंभातून (भरलेल्या नळीतून) अमिनो आम्लांचे सलग उत्पादन सुरू केले. आमचे विद्यार्थी सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थात) विकर कालवून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडतात, तेव्हा विकर आत अडकलेले साबुदाण्यासारखे मणी बनतात. ते गाळून, धुऊन पुन्हा वापरता येतात. मण्यांतून विकर थोडे झिरपते, हे खरे. म्हणून जिथे झिरपणे परवडत नाही, तिथे आधाराशी रासायनिक बंधाने जोडलेले विकर अधिक भरवशाचे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक